लॅपटॉपवर एकही ओएस (ऑपरेटिंग सिस्टीम) बसेना, आता दुसरी कुठली करून बघू?

पाणवठा

नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावात आम्ही चार-पाच जणांनी मिळून अभ्यासिका चालू केलीय. मुंबईला असलेल्या एका गाववाल्याने त्याच्या ऑफिसातून निघालेले सहा छोटे लॅपटॉप पाठवलेत, २०१६ च्या आसपासचे, त्या वेळी दहा-अकरा हजारांत मिळायचे ते. रॅम २ जीबी, स्टोरेज ३२ जीबी आणि तेही आत चिकटवलेलं, म्हणजे काढून एसएसडी टाकायची सोय नाही. विंडोज १० आहे पण जागाच उरली नाहीये, अपडेट घ्यायला लागलं की अर्ध्यात सोडून देतं, आणि तसंही १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. ११ बसायचा प्रश्नच नाही, त्याला ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते.

म्हणून लिनक्स ही मोफत ओएस टाकायला घेतली, तिचे वेगवेगळे प्रकार. मिंट केलं, उबुंटू केलं, झुबुंटू केलं. पेनड्राइव्ह लावून बूट मेनू उघडला की पेनड्राइव्ह दिसतच नाही, आणि एखाद्या वेळी दिसला तर एंटर मारल्यावर स्क्रीन क्षणभर काळी होते आणि परत त्याच मेनूवर येते. सिक्युअर बूट (अनोळखी ओएस अडवणारी सेटिंग) बंद करून झालं. हाच पेनड्राइव्ह माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर मस्त चालतो. सहाच्या सहा यंत्रांवर हेच.

आता दुसरं काही करून बघावं म्हणतोय. हायकू, क्रोमओएस फ्लेक्स, फ्रीबीएसडी अशी नावं वाचलीत. कोणी वापरलंय का? गरज फार नाही, ब्राउझर, पीडीएफ आणि मराठी टायपिंग. दहावीची पोरं आणि स्पर्धा परीक्षावाले येतात.

निवांत

पेनड्राइव्ह बदला आधी. आणि रुफसमध्ये (पेनड्राइव्ह बनवायचं सॉफ्टवेअर) डीडी मोड घेऊन परत बनवा.

खटपट्या

क्रोमओएस फ्लेक्स टाका दादा, डोळे झाकून. माझ्या सासऱ्यांच्या जुन्या लॅपटॉपवर टाकलंय, ते दिवसभर कीर्तनं ऐकत बसतात, वर्षभरात एकदाही मला फोन नाही आला.

सांजवात

खटपट्या, फ्लेक्सला ४ जीबी रॅम लागते हो, यांच्याकडे २ आहे. सासऱ्यांच्या मशीनमध्ये ४ असणार.

पाणवठा, कुठली ओएस हा प्रश्न मला नंतरचा वाटतो. "बसत नाही" म्हणजे नक्की कुठे अडतं ते आधी बघायला हवं. बूट मेनूतच अडलं तर तो फर्मवेअर (यंत्र चालू करणारा आतला प्रोग्राम) आणि पेनड्राइव्ह यांच्यातला मामला, ओएस अजून सुरूच झालेली नाही. लोगो येऊन मग स्क्रीन काळी झाली तर बहुतेक ग्राफिक्स. इन्स्टॉलर आला पण डिस्कच दिसत नाही, तर स्टोरेज कंट्रोलरचा मोड. आणि फाइली कॉपी होताना मधेच फाटलं तर पेनड्राइव्ह, डाउनलोड किंवा रॅम. तुमचं पहिल्याच पायरीवर अडलंय. तिथे चौथी-पाचवी ओएस आंधळेपणाने टाकून बघितली तर तेच होणार, उगाच प्रत्येक वेळी दोन-तीन जीबी डेटा जाणार, गावाकडे नेट कसं असतं ते मला ठाऊक आहे.

प्रोसेसरचं पूर्ण नाव सांगा. विंडोजमध्ये सिस्टीम इन्फर्मेशन उघडून "सिस्टीम टाइप" आणि "बायोस मोड" समोर काय लिहिलंय तेही.

भिंगरी

सांजवात ताईंना अनुमोदन. मी यात एक अख्खी दिवाळीची सुट्टी घालवलीय.

जुना डेस्कटॉप होता, मुलीसाठी नीट करायचा होता. मिंट टाकलं तर फाइली कॉपी करताना अडकलं. विंडोज टाकलं तर कसलातरी एरर कोड. मग कोणीतरी म्हणालं फ्रीबीएसडी घे, ते दगड आहे, ते तर निम्म्यात पॅनिक होऊन रिस्टार्ट झालं. मी म्हटलं या मशीनला कुठलीच ओएस पसंत नाही. भाऊ आला भाऊबीजेला, त्याने विचारलं, "ताई, दर वेळी एकाच ठिकाणी अडतं का?" तर नाही, कधी २० टक्क्यांवर, कधी ६७ वर, कधी शेवटाला. तो म्हणाला मग ओएसला बोल लावू नकोस, आणि मेमटेस्ट ही रॅमची चाचणी लावून दिली. आम्ही ओवाळणी करेपर्यंत स्क्रीन लाल ओळींनी भरली होती.

रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. दोन्ही काढून त्यांची सोनेरी कड त्याने पोरीच्या खोडरबरने हलक्या हाताने घासली, पुसली, परत लावली. एक ठणठणीत निघाली, दुसरी तरीही लाल ओळी देत होती, ती काढून टाकली. ८ चे ४ जीबी झाले, पण मिंट पहिल्या फटक्यात बसलं ते आजतागायत चालू आहे.

एकाच जागी अडत असेल तर सॉफ्टवेअर किंवा सेटिंग, आणि दर वेळी वेगळ्या जागी अडत असेल तर हार्डवेअर, एवढं मी त्यातून शिकले.

परदेशी पाखरू

मी श्टुटगार्टहून. सांजवात यांनी डिस्क न दिसण्याबद्दल लिहिलंय ते माझ्या बाबतीत झालं. ११ व्या पिढीचा प्रोसेसर असलेला लॅपटॉप, उबुंटूचा इन्स्टॉलर सगळा व्यवस्थित चालू झाला, वायफाय लागलं, आणि डिस्क निवडायच्या पानावर फक्त माझा पेनड्राइव्ह. पाचशे जीबीची एनव्हीएमई डिस्क गायब. फेडोरा केलं, तेच. गंमत म्हणजे विंडोज १० चा कोरा इन्स्टॉलर लावला तर त्यालाही डिस्क दिसेना! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की हे लिनक्सचं दुखणं नाहीच. बायोसमध्ये (फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये) व्हीएमडी नावाचा पर्याय चालू होता, तो असला की डिस्क एका वेगळ्या कंट्रोलरच्या मागे लपते आणि त्याचा ड्रायव्हर लागतो. तो बंद केला, डिस्क दिसली.

पण कोणी हे वाचून लगेच बायोसमध्ये धावू नका. आतलं विंडोज ठेवायचं असेल तर (१) बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्या, (२) विंडोज पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये उठेल असं सेट करा, मग बायोसमध्ये बदल करा, सेफ मोडमध्ये एकदा उठू द्या आणि मग सेफ मोड काढा. हे न करता बदललंत तर विंडोज निळी स्क्रीन दाखवून बसतं. मी बसवलं होतं, रात्री दीड वाजता, सकाळी नऊला मीटिंग. आणि काही लॅपटॉपमध्ये तो पर्याय लपवलेला असतो, बायोसच्या पानावर कंट्रोल आणि एस एकत्र दाबल्यावरच उगवतो.

दगडफूल

मी वेगळं बोलतो, राग मानू नका. सहा मशीनवर आठवडे घालवण्यापेक्षा वर्गणी काढा आणि पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाऊन ऑफिसातून निघालेले चांगले रिफर्बिश्ड लॅपटॉप घ्या. ८ जीबी रॅम, एसएसडी, काहीही टाका बसतं. २ जीबीवर आजचा ब्राउझर म्हणजे एसटीच्या टपावर बसून प्रवास. वेळेलाही किंमत असते.

पाणवठा

सगळ्यांचे आभार, एवढी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं.

दगडफूल, राग कसला. पण आमच्याकडे वर्गणी काढून आत्ताच छपरावर पत्रे घातलेत. आणि दुसरं, हे सहा चालू यंत्रं आहेत, कीबोर्ड चांगले, स्क्रीन चांगल्या, एकाचीही काच तुटलेली नाही. ते कचऱ्यात टाकायला हात उचलत नाही. पोरं रोज विचारतात, दादा चालू झाले का.

सांजवात ताई, प्रोसेसर ॲटम झेड३७३५एफ. सिस्टीम टाइप एक्स८६, बायोस मोड युईएफआय.

सांजवात

सापडलं! हेच वाटत होतं मला.

तुमचा प्रोसेसर ६४ बिट आहे, पण फर्मवेअर ३२ बिट आहे. त्या काळात २ जीबीच्या स्वस्त मशीनवर ३२ बिट विंडोज टाकून द्यायचे आणि त्या विंडोजला ३२ बिट युईएफआयच लागतं, म्हणून कंपन्यांनी तसंच फर्मवेअर घातलं. आता उबुंटू, मिंट वगैरेंच्या पेनड्राइव्हवर बूट करणारी फाइल असते फक्त ६४ बिटची. तुमचं फर्मवेअर पेनड्राइव्ह उघडतं, आपल्याला वाचता येईल अशी फाइल शोधतं, ती नसते, परत मेनूवर येतं. क्षणभर काळी स्क्रीन ती हीच. पेनड्राइव्ह निर्दोष, लॅपटॉप निर्दोष.

लिनक्सच्या कर्नलला (गाभ्याला) हे कोडं २०१४ पासून सुटलेलं आहे, ३.१५ पासून ६४ बिट कर्नल ३२ बिट युईएफआयवर उठतो. अडचण फक्त दारावरच्या त्या एका फाइलची. डेबियनने या मशीनसाठी आधीपासून सोय ठेवलीय, फेडोरामध्ये २७ पासून आली. कुठलीही आयएसओ (ओएसची इन्स्टॉल फाइल) घेतलीत तरी पेनड्राइव्ह बनवल्यावर तो नेहमीसारखा उघडा, ईएफआय फोल्डर, त्याच्या आत बूट फोल्डर, आणि तिथे नावाच्या शेवटी आयए३२ असलेली फाइल आहे का बघा. असली तर उठेल, नसली तर नेट वाया घालवू नका.

डेबियनची ६४ बिटवाली नेटइन्स्टॉल (बाकीचं नेटवरून उतरवणारी लहान आयएसओ) घ्या.

घाटमाथा

धाग्याचा मूळ प्रश्न दुसऱ्या ओएसचा आहे म्हणून माझी काडी. दुसरी ओएस करून बघणं म्हणजे वेळ वाया हे मला पटत नाही. मी कुठलंही अडलेलं मशीन आलं की आधी ओपनबीएसडीच्या इन्स्टॉलरने उठवतो, तिथे राहायला जायचं म्हणून नाही, पाहुणचार घ्यायला. इमेज लहान, ग्राफिक्सचा फाफटपसारा नाही, निळ्या पट्ट्यावर पांढरी अक्षरं धडाधड वर सरकतात आणि प्रत्येक चिप कुठली, कोणी ओळखली, कोणी नाही ओळखली ते एकेका ओळीत सांगते. इन्स्टॉल, अपग्रेड, ऑटोइन्स्टॉल की शेल असं विचारल्यावर एस दाबायचं आणि डीमेसेज (त्याच ओळींची नोंद) वाचायचा. डिस्कला हात लागत नाही.

आणि पाणवठा, तुमच्या कामाचं म्हणजे ओपनबीएसडीच्या ६४ बिट इमेजमध्ये ३२ आणि ६४ दोन्ही बूट फाइली असतात. ताईंचं निदान बरोबर असेल तर ती उठलीच पाहिजे.

सांजवात

हे मान्य, पाहुणचारासाठी म्हणत असाल तर. मी कंटाळते ते लोक एक फसली की दुसरी, दुसरी फसली की तिसरी असं काहीच न वाचता टाकत सुटतात त्याला.

रेवा

हायकूचं नाव निघालं आणि कोणीच काही बोललं नाही म्हणून लिहितेय. नव्वदच्या दशकातल्या बीओएस या ओएसचा वारसा पुढे नेणारी ही ओएस थोड्या लोकांनी वर्षानुवर्षं जिवाच्या आकांताने जपलीय. माझ्याकडे एक नेटबुक आहे, त्याच्या ग्राफिक्स चिपसाठी लिनक्सवर धड ड्रायव्हर नाही, लोगोनंतर स्क्रीन काळी. हायकूत सुरू होताना शिफ्ट दाबून धरली की बूटचे पर्याय येतात, त्यात फेल-सेफ ग्राफिक्स निवडलं आणि चक्क डेस्कटॉप समोर. खिडक्या अशा पटापट उघडतात की जुनं यंत्र आहे हे विसरायला होतं.

पण पाणवठा, अभ्यासिकेसाठी मी सुचवणार नाही. माझ्याकडे मेनूत देवनागरी जोडाक्षरं फुटून दिसली, आणि पोरांना फॉर्म भरताना वेबसाइट अडली तर तुमच्याच नावाने ओरडतील. माझ्या लिनक्सच्या काळ्या स्क्रीनवर नंतर नोमोडसेट हा उपाय सापडला, बूटच्या ओळीत शेवटी लिहायचा. चित्र येतं, पण व्हिडिओ रडतखडत.

निवांत

अवांतर: केरळात सरकारी शाळांतून काइट नावाची उबुंटूवर आधारलेली लिनक्स चालते. आपल्याकडे सीडॅक या सरकारी संस्थेची बॉस आहे, ती डेबियनवर आधारलेली. आपल्या जिल्हा परिषद शाळांत असं का होत नाही?

दगडफूल

निवांत, त्यावर वेगळा धागा काढा, तिथे मी दोनशे प्रतिसाद देईन.

पाणवठा

मंडळी, उठलं!!

आधी घाटमाथा यांचं केलं, कारण इमेज लहान होती आणि काल रेंज दोनच काड्या होती. सहाही पोरं भोवती उभी. बूट मेनू, एंटर, क्षणभर काळं... आणि मग ती निळी पट्टी. अक्षरं सरसर वर. एक मुलगा ओरडलाच, दादा हॅक केलं. मी एस दाबून डीमेसेज काढला, आतलं ३२ जीबी स्टोरेज दिसलं, कीबोर्ड दिसला, वायफायचा मात्र पत्ता नाही. तेवढ्यावरून कळलं की यंत्र धडधाकट आहे आणि अडचण खरोखर त्या एका फाइलचीच होती.

मग रात्रभर डेबियन उतरवलं. ईएफआयच्या आत बूट, त्यात आयए३२ वाली फाइल आहे हे बघूनच पेनड्राइव्ह लावला. इन्स्टॉल करताना नेटसाठी मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग केलं, लगेच घेतलं. एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप निवडला. बसलं, रिस्टार्ट झालं, वायफायही आपोआप दिसलं.

आता नवीन दुखणं. पंधरा-वीस मिनिटं छान चालतं आणि मग जागच्या जागी गोठतं. माउस हलत नाही, घड्याळ थांबतं, पॉवरचं बटण दाबून धरूनच बंद करावं लागतं. तीन यंत्रांवर केलं, तिन्हींवर असंच. वेळ मात्र दर वेळी वेगळी. भिंगरी ताई, म्हणजे रॅम??

भिंगरी

तीनही मशीनची रॅम एकदम नाही हो जाणार. माझा नियम एका मशीनपुरता. थांबा, जाणकार सांगतील.

घाटमाथा

रॅम नाही. झेड३७३५एफच्या पिढीवर लिनक्स असं गोठायचं हे जुनं, माहितीतलं प्रकरण आहे. काम नसलं की प्रोसेसर गाढ झोपेत जातो, आणि तिथून तो परत येत नाही. उपाय म्हणजे त्याला गाढ झोपूच द्यायचं नाही, डुलकी चालेल.

सुरू होताना ग्रबचा (लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रामचा) मेनू आला की ई दाबा. लिनक्स शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा, तिच्या अगदी शेवटी एक स्पेस देऊन लिहा, सगळं लहान लिपीत आणि मधे स्पेस न देता: इंटेल, अंडरस्कोर, आयडल, टिंब, मॅक्स, अंडरस्कोर, सीस्टेट, बरोबर चिन्ह, एक. मग एफ१०. हे तेवढ्या एका वेळेपुरतं असतं. दिवसभर टिकलं तर ग्रबच्या डिफॉल्ट फाइलमध्ये तेच घालून अपडेट-ग्रब चालवा. बॅटरी थोडी लवकर उतरेल.

खटपट्या

बॅटरी उतरली तर उतरली, अभ्यासिकेत प्लगला लावूनच बसणार ना. आणि झेडरॅम चालू करा, २ जीबीत फार फरक पडतो. रॅममधलाच न वापरलेला माल दाबून बसवतं, म्हणजे दोन टॅब जास्त उघडतात.

सांजवात

मराठी टायपिंगचं राहूनच गेलं. इन्स्क्रिप्ट येत असेल त्यांना काहीच करायला नको, कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी घाला. ज्यांना इंग्रजी अक्षरांवरून टाइप करायची सवय आहे त्यांच्यासाठी तिथेच "मराठी, कागप, फोनेटिक" असा लेआउट असतो, वेगळं काही उतरवावं लागत नाही. तरी नाहीच जमलं तर आयबस या टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एम१७एन टाकून त्यातला मराठी आयट्रान्स घ्या. स्पर्धा परीक्षावाल्यांना मात्र इन्स्क्रिप्टच शिकवा असं मी म्हणेन, आत्ता आठ दिवस बोटं अडखळतील, पण नंतर कुठल्याही सरकारी मशीनवर बसलं तरी तेच कामाला येईल.

आडवाट

धागा वाचून विचारतोय. बाबांचा २००५ चा पेंटियम एमवाला लॅपटॉप आहे, लिनक्स लावलं तर पीएई (प्रोसेसरची एक सोय) नाही म्हणतं आणि थांबतं. त्यात त्यांच्या कविता आहेत, जुन्या फॉन्टमध्ये.

घाटमाथा

आडवाट, सगळ्यात आधी हार्डडिस्क बाहेर काढून कवितांची प्रत करा, मगच बाकीचं. काही पेंटियम एमना पीएई येतं पण ते तसं सांगत नाहीत, बूटच्या ओळीत फोर्सपीएई लिहून बघा. ओएस म्हणाल तर अँटीएक्सची ३२ बिट आवृत्ती. डेबियन १३ पासून ३२ बिटचा इन्स्टॉलर बंद झालाय, तिकडे शोधू नका.

सांजवात

आणि फॉन्टचं नाव सांगा आडवाट, जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेता येतो. कविता वाचायला मिळतील ना?

आडवाट

बाबांना विचारतो. धन्यवाद, उद्या डिस्क काढतो.

पाणवठा

धागा वर काढतोय, बारा दिवसांनी.

घाटमाथा यांची ओळ घातल्यापासून एकही यंत्र गोठलेलं नाही. चार यंत्रं रोज सकाळी सात ते रात्री दहा चालू आहेत. झेडरॅम चालू केलंय. पीडीएफ आणि तीन-चार टॅब असतील तर कुरकुर नाही, व्हिडिओ मोठ्या आकारात बघितला तर अडखळतं, म्हणून पोरांनीच नियम केलाय की व्हिडिओ एका वेळी एकाच यंत्रावर आणि बाकीच्यांनी मागे बसून बघायचा. दहावीतल्या एका मुलीने इन्स्क्रिप्टची की कुठे आहे ते खडूने फळ्यावर काढून ठेवलंय, ज्ञ कुठे सापडतो ते मला तिनेच दाखवलं.

पाचवं यंत्र उघडलं तर ट्रॅकपॅड वर आला होता, आत बॅटरी फुगलीय. ते बंद करून बाहेर व्हरांड्यात ठेवलंय, कोणाला हात लावू देत नाही. सहाव्याचा चार्जर हरवलाय, बारीक गोल पिनचा, ५ व्होल्टचा. चिपळुणात दोन दुकानं पालथी घातली, मिळाला नाही.

हायकू मी माझ्या स्वतःच्या जुन्या डेस्कटॉपवर पेनड्राइव्हवरून लावून बघितली, रेवा ताई. खिडक्या खरंच पटापट उघडतात.

खटपट्या

फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका, ओळखीच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून काढून घ्या. बॅटरी काढून नुसत्या चार्जरवर चालतं का तेही त्याच्याकडूनच बघून घ्या, काही चालतात.

चार्जरच्या पिनचा फोटो टाका, बाहेरचा व्यास मोजून. शनिवारी मी लॅमिंग्टन रोडला जातोय, मिळाला तर रविवारच्या गुहागर गाडीने पाठवतो.

पाणवठा

मोजला, साडेतीन मिलिमीटर. फोटो व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.